चाइल्ड यांची न लिहिलेली प्रस्तावना

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांचा ‘द इंग्लिश अँड स्कॉटिश पॉप्युलर बॅलड्स’ हा ग्रंथ १८८२ ते १८९८ या काळात दहा भागांत प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली ३०५ कथागीते, प्रत्येक गीताच्या उपलब्ध सगळ्या पाठांसह, क्रमांक देऊन छापलेली आहेत. आज बार्बरा ॲलनचे गीत गाणारा अभ्यासू गायक कोणत्याही देशातला असो, त्या गीताची ओळख तो ‘चाइल्ड ८४’ अशीच सांगतो. मात्र एवढ्या मोठ्या ग्रंथाला संपादकाची प्रस्तावना नाही. बॅलड कशाला म्हणावे, एखादे गीत आत का घेतले आणि तसेच दिसणारे दुसरे बाहेर का ठेवले, पाठांपाठांत निवड करताना कोणती कसोटी लावली, हे सगळे चाइल्ड अखेरीस एका विस्तृत प्रस्तावनेत सांगणार होते. ११ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ती प्रस्तावना लिहून झालेली नव्हती. त्यांचे शिष्य जॉर्ज लायमन किट्रिज यांनी शेवटचा भाग १८९८ मध्ये पूर्ण करून छापला आणि ग्रंथाला गुरूंचे एक छोटे चरित्र जोडले. गुरूंच्या वतीने सिद्धान्त मांडण्याचे धाडस त्यांनी केले नाही आणि ते योग्यच होते.

ही प्रस्तावना मुळीच लिहिली गेली नाही, असे मात्र मला वाटत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावातून कोपनहेगन, एडिंबरो, लंडन, ॲबर्डीन आणि वायमार इथे पंचवीसतीस वर्षे जी पत्रे गेली आणि तिकडून जी उत्तरे आली, त्यांत ती विखुरलेली आहे. म्हणून त्या पत्रांना ग्रंथाचे परिशिष्ट किंवा चरित्रकाराची सामग्री एवढ्यावर थांबवणे मला मान्य नाही. ती पत्रे त्या ग्रंथाचाच भाग आहेत. यातूनच एक सार्वजनिक जबाबदारी निघते. जी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था एखाद्या विद्वानाचे काम आपले म्हणून अभिमानाने सांगतात, त्यांनी त्याचा पत्रव्यवहार, आणि तोही दोन्ही बाजूंचा, जपला पाहिजे व अभ्यासकांना खुला केला पाहिजे. आज हे काम घरच्या मंडळींच्या सवडीवर आणि ग्रंथपालाच्या व्यक्तिगत आस्थेवर सोडलेले असते. ते संस्थेच्या कर्तव्यांत मोडले पाहिजे.

पुढे जाण्यापूर्वी ‘बॅलड’ या शब्दाविषयी थोडे सांगावे लागेल. आपल्याकडे त्याचे भाषांतर बहुधा ‘पोवाडा’ असे करतात आणि त्याने घोटाळा होतो. पोवाड्याला शाहीर असतो, त्याचे नाव शेवटच्या चरणात येते, ऐकणारा जमाव समोर असतो आणि विषय बहुतेक वेळा पराक्रमाचा असतो. चाइल्ड यांनी जमवलेली गीते अनामिक आहेत. बहिणीने बहिणीला नदीत ढकलले, प्रेयसीला फसवून रानात नेणाऱ्याला तिनेच मारले, आईने लेकाला विष दिले, अशा गोष्टी ती कमीत कमी शब्दांत सांगतात. आणि ती टिकली ती मुख्यतः घराघरांतल्या स्त्रियांच्या, दायांच्या, मोलकरणींच्या तोंडी. आपल्याकडे त्यांचे नाते लावायचेच असेल तर ते पोवाड्यापेक्षा जात्यावरच्या ओवीशी आणि पंचमीच्या फेरात म्हटल्या जाणाऱ्या कथागीतांशी अधिक जवळचे ठरेल. अशा गीतांना मूळ संहिता नसते. जितकी तोंडे तितके पाठ असतात, आणि संपादकापुढचा खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

चाइल्ड १८२५ मध्ये बॉस्टनमध्ये जन्मले. वडील जहाजांची शिडे शिवणारे कारागीर होते. मुलगा हुशार निघाला, हार्वर्डमधून १८४६ मध्ये पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला आणि १८४९ ते १८५१ या काळात जर्मनीत, बर्लिन आणि ग्योटिंगेन इथे शिकून आला. परतताच तो हार्वर्डमध्ये वक्तृत्व आणि लेखनकलेचा प्राध्यापक झाला. पुढची पंचवीस वर्षे या माणसाने विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात घालवली. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स या नव्या विद्यापीठाने त्यांना बोलावणे धाडले, तेव्हा कुठे हार्वर्डने त्यांना निबंधांच्या ओझ्यातून सोडवून इंग्रजीचे पहिले प्राध्यापक केले. मधल्या काळात त्यांनी कवी स्पेन्सरची आवृत्ती काढली, जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या भाषेवर एक मूलगामी निबंध लिहिला आणि १८५७-५८ मध्ये बॅलडांचा आठ खंडांचा पहिला संग्रह केला. या संग्रहाचा आधार जवळजवळ सर्वस्वी छापील पुस्तकांचा होता, आणि तीच त्याची उणीव होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या संपादकांनी गीते छापताना ती सुधारली होती, पदरची कडवी घातली होती, ‘असभ्य’ वाटले ते गाळले होते. मूळ हस्तलिखिते समुद्रापलीकडे होती. ती पाहिल्यावाचून दुसरा संग्रह करायचा नाही असे चाइल्ड यांनी ठरवले, आणि हा निश्चय पाळायचा तर पत्रे लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यांची पहिली मोठी मोहीम बिशप टॉमस पर्सी यांच्या हस्तलिखितासाठी होती. त्या वहीची गोष्ट साहित्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. श्रॉपशरमधल्या शिफ्नल गावी हम्फ्री पिट या स्नेह्याच्या दिवाणखान्यात ती वही कपाटाखाली जमिनीवर पडलेली पर्सींना दिसली, आणि घरातल्या मोलकरणी तिची पाने विस्तव पेटवायला घेत होत्या. पर्सींनी ती वाचवली. पण १८६५ उजाडले तरी जगाला त्या वहीतले ठाऊक होते ते एवढेच, जेवढे पर्सींनी १७६५ च्या आपल्या पुस्तकात, मनाला येईल तसे फेरफार करून, छापले होते. वही वंशजांकडे होती आणि ते ती कोणाला पाहू देत नव्हते. चाइल्ड यांनी लंडनच्या फ्रेडरिक फर्निव्हल यांच्याकडे पत्रांतून सतत टुमणे लावले. फर्निव्हल हे अफाट उत्साहाचे गृहस्थ होते. जुन्या इंग्रजी संहिता छापण्यासाठी एकामागून एक मंडळे काढणे हा त्यांचा जणू जीवनधर्मच होता. त्यांनी अखेर वंशजांना पैसे देऊन नक्कल करण्याची परवानगी मिळवली आणि जॉन हेल्स यांच्यासह १८६७-६८ मध्ये ती संपूर्ण वही अक्षरशः छापली. आपल्या देशात यादवी युद्ध पेटलेले असताना चॉसरचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकन माणसाचे, म्हणजे चाइल्ड यांचे, इंग्लंडवर ऋण आहे आणि ते संहिता छापूनच फेडले पाहिजे, अशी त्यांची भावना होती. मूळ वही १८६८ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. इंग्लंडमधला एक राष्ट्रीय ठेवा खाजगी कपाटातून सार्वजनिक ग्रंथालयात आला, आणि त्यामागचा एक मोठा रेटा केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथून टपालाने येत होता. हे श्रेय ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कुठे दिसणार? ते पत्रांतच दिसते.

सगळ्यांत मोलाचा पत्रव्यवहार मात्र डेन्मार्कच्या स्वेन्ड ग्रुंटविग यांच्याशी झाला. ग्रुंटविग चाइल्ड यांच्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठे होते. डॅनिश लोकगीतांच्या संपादनाची आपली योजना त्यांनी १८४७ मध्ये जाहीर केली तेव्हा तिच्यावर बराच वाद झाला. अनेक पाठांतून वेचून एक सुबक, वाचनीय पाठ तयार करावा असे जुन्या मंडळींचे म्हणणे होते. ग्रुंटविग म्हणाले की जेवढे आहे तेवढे सगळे छापायचे आणि जसे आहे तसेच छापायचे. १८५३ पासून त्यांचे खंड याच तत्त्वावर निघू लागले. त्यांना इंग्रजी आणि स्कॉटिश गीतांचीही उत्तम जाण होती. विशीतच त्यांनी त्यांची डॅनिश भाषांतरे प्रसिद्ध केली होती. १८७२ मध्ये चाइल्ड यांनी त्यांना पहिले पत्र लिहिले. त्या वेळी चाइल्ड सत्तेचाळीस वर्षांचे, प्रतिष्ठित प्राध्यापक होते, त्यांच्या नावावर आठ खंडांचा संग्रह होता, आणि तरीही त्या पत्रव्यवहारात ते शिकणाऱ्याच्या भूमिकेत उभे राहतात. हस्तलिखिते कशी शोधावी, कोणत्या पाठाला किती वजन द्यावे, आणि शेकडो गीतांचा क्रम तरी कसा लावावा, हे सगळे त्यांनी विचारले.

यातला क्रमाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. गीते विषयवार लावली तर संपादकाचा अर्थ गीतांवर लादला जातो. काळानुसार लावावी तर अनामिक गीताचा काळ कोण सांगणार? ग्रुंटविग यांनी इंग्रजी-स्कॉटिश गीतांची एक यादी स्वतः तयार करून पाठवली. तिचा आधार छंदाचा होता. दोन चरणी कडव्यांची, त्यांच्या मते अधिक जुन्या घडणीची गीते आधी आणि चार चरणी कडव्यांची नंतर. चाइल्ड यांनी हीच रचना थोड्या फेरफाराने स्वीकारली. आज जगभर जे क्रमांक रूढ आहेत, त्यांच्यामागे कोपनहेगनहून आलेले ते टिपण आहे. लोक ‘चाइल्ड १०’ म्हणतात, तेव्हा त्या दहाच्या आकड्यात ग्रुंटविगही आहेत. ग्रंथ नुसता वाचणाऱ्याला या क्रमामागचा युक्तिवाद हाती लागत नाही.

पीटर बकन यांच्याविषयीचा मतभेद तर याहून बोलका आहे. ईशान्य स्कॉटलंडच्या या मुद्रकाने १८२८ मध्ये दोन खंडांत गीते छापली होती. त्यांतली बरीचशी एका आंधळ्या भिक्षेकऱ्याने, जेम्स रँकिन याने, जमवून आणून दिलेली होती, आणि तो पैशांसाठी कडवी रचून घालत असे असा संशय होता. चाइल्ड यांना बकन यांचे पाठ पसरट, ओबडधोबड आणि खोटे वाटत. वर्षानुवर्षे त्यांचा हा राग शमला नाही. ग्रुंटविग यांनी उलट बाजू धरली. त्यांचा युक्तिवाद असा होता की बकन यांच्या कित्येक पाठांतले तपशील फक्त डॅनिश आणि इतर स्कँडिनेव्हियन गीतांत सापडतात, आणि ते रँकिनला किंवा बकन यांना ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. म्हणून पाठ कितीही बेढब असला तरी परंपरा खरी आहे. एखाद्या गीताचा बेढबपणा हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा असू शकतो, हा विचार चाइल्ड यांच्या अभिरुचीला पेलणारा नव्हता. त्यांची अभिरुची बदलली नाही, पण संपादनाचे धोरण बदलले. त्यांनी बकन यांचे पाठ छापले आणि टिपणांत आपली नापसंतीही नोंदवली. पुढे ॲबर्डीनच्या विल्यम वॉकर यांनीही पत्रांतून बकन यांची बाजू लावून धरली.

ग्रंथात आपल्याला दिसतो तो बकन यांचा पाठ आणि त्याखालचा संपादकाचा नाराजीचा शेरा. एवढेच पाहून वाचक गोंधळतो: नापसंत होते तर छापले का? पत्रे वाचली की कळते की ती विसंगती नव्हती, ती विद्येची शिस्त होती. स्वतःच्या आवडीवर दुसऱ्याच्या पुराव्याला मात करू देणे हे विद्वत्तेतले सगळ्यांत कठीण काम आहे. चाइल्ड यांच्या हातून ते घडले याचे मला फार अप्रूप वाटते, आणि ते घडताना पाहण्याची सोय फक्त त्या पत्रांत आहे. प्रस्तावना लिहिली गेली असती तरी हा झगडा त्यात इतका उघडा आला असता, असे मला वाटत नाही. प्रस्तावनेत माणूस आपला प्रवास सरळ रेषेत सांगतो. १८७४ मध्ये त्यांनी एका ज्ञानकोशासाठी बॅलडांवर नोंद लिहिली होती आणि अभ्यासक अजून तिच्यावरच भिस्त ठेवतात, पण ती नोंद आपले अंतिम मत समजू नये अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. ग्रुंटविग पहिला भाग पाहून १८८३ च्या जुलैत वारले. त्यानंतरची तेरा वर्षे चाइल्ड यांनी त्या आधाराविना काढली.

विल्यम मॅकमाथ हे नाव मी मुद्दाम शेवटी घेतो आहे, कारण माझ्या म्हणण्याचा खरा कस त्यांच्यापाशी लागतो. मॅकमाथ एडिंबरोत वकिलांच्या कचेरीत कारकून होते. विद्यापीठाची प्रतिष्ठा त्यांच्यापाशी नव्हती. गीतांचा व्यासंग होता, कागदपत्रे वाचण्याची धंद्यातून आलेली नजर होती आणि सुरेख, विश्वासू हात होता. चाइल्ड यांनी १८७३ मध्ये ‘नोट्स अँड क्वेरीज’ या लंडनच्या नियतकालिकातून जुन्या गीतांसाठी आवाहन केले. साधारण त्याच काळात या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि चाइल्ड यांच्या मृत्यूपर्यंत चालला. कोणते हस्तलिखित कोणाच्या घरी आहे, मालकाला कोणामार्फत गाठावे, लिलावात काय आले आहे, हे मॅकमाथ कळवत. सर वॉल्टर स्कॉट यांच्या ॲबट्सफर्डच्या वाड्यातले, त्यांच्या प्रसिद्ध संग्रहामागचे मूळ कागद त्यांनी धुंडाळले आणि उतरवून पाठवले. दिवसभर कचेरीत नकला करणारा हा माणूस संध्याकाळी पुन्हा नकलाच करत बसे, आणि त्या अशा नेमक्या असत की मुळातली चूकही चूक म्हणूनच उतरे. आपल्या नात्यातल्या जेन वेब्स्टर यांच्या तोंडची गीतेही त्यांनी टिपून दिली.

चाइल्ड यांनी मॅकमाथ यांचे ऋण छापील शब्दांत मानले आहे, त्यात कसर ठेवलेली नाही. पण आभाराच्या ओळीत उपकार दिसतो, काम दिसत नाही. पत्रांत काम दिसते. एका शब्दाचे वाचन ‘असे की तसे’ यावर दोन दोन पत्रे खर्ची पडतात, प्राध्यापकाचा तर्क कारकून नम्रपणे पण ठामपणे खोडतो, आणि प्राध्यापक तो खोडलेला तर्क सोडून देतो. लंडनमध्ये तेव्हा अमेरिकेचे राजदूत म्हणून चाइल्ड यांचे जिवलग मित्र, कवी जेम्स रसेल लोवेल होते. त्या दोघांचीही पत्रे सुरेख आहेत आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. तरीही राजदूताची पत्रे कोणीतरी जपणारच असते. कारकुनाची पत्रे जपली गेली ती त्याने स्वतः जपली म्हणून. संस्थांनी धोरण म्हणून पत्रव्यवहार जपला पाहिजे असे मी म्हणतो ते याचसाठी: ते निवडीवर सोडले की मोठ्या नावांचे कागद उरतात आणि ज्यांच्या हातांनी काम झाले ते पुसले जातात. आयर्लंडच्या मीथ परगण्यात १८६० च्या सुमारास ऐकलेली गीते चाइल्ड यांना कळवणाऱ्या मार्गारेट रीबर्न या ग्रंथात एक-दोन ओळींपुरत्या येतात. त्या कोण होत्या हे कळायचे तर त्यांचे पत्रच पाहावे लागेल.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८६७ पर्यंत अमेरिकेतून ब्रिटनला साधे अर्ध्या औंसाचे पत्र पाठवायला २४ सेंट पडत. १८६८ मध्ये दर १२ सेंटांवर आला, १८७० मध्ये ६ सेंटांवर, आणि १८७४ च्या बर्न येथील टपाल करारानंतर १८७५ पासून सभासद देशांना, म्हणजे डेन्मार्कलाही, ५ सेंटांत पत्र जाऊ लागले. ग्रुंटविग आणि मॅकमाथ यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा काळ नेमका हाच आहे. नकलांची जाड पाकिटे महिन्यामागून महिने समुद्र ओलांडत राहिली, ती काही अंशी या स्वस्ताईमुळे. विद्येच्या वाटा सरकारांच्या अशा रूक्ष निर्णयांनी खुल्या होतात, आणि जे सार्वजनिक पैशाने व सार्वजनिक सोयीने घडले त्याच्यावर लोकांचाही काही हक्क उरतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की लेखकाने जे छापायचे ठरवले तेच त्याचे मत. बाकीचे कागद म्हणजे पाडकामाचा राडारोडा, तो उपसत बसणे हा अभ्यास नव्हे, कुतूहल आहे. कवितेच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य असेल. कवितेचे खर्डे वाचून कविता अधिक खरी होत नाही. संशोधनाचे तसे नसते. संशोधन म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि निष्कर्ष तपासायचा तर त्याकडे नेणारी वाट दिसली पाहिजे. चाइल्ड यांनी तीनशे पाच हीच संख्या का ठरवली, पहिल्या संग्रहातली कित्येक गीते दुसऱ्यातून का वगळली, हे विचारण्याचा हक्क पुढच्या संपादकाला आहे. त्याचे उत्तर संपादकाच्या मनात होते असे म्हणून भागत नाही.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. पत्रात माणूस आजारपण लिहितो, घरातले दुखणे लिहितो, सहकाऱ्याविषयी रागाच्या भरात दोन शब्द लिहितो. चाइल्ड यांनी एका तरुण मैत्रिणीला लिहिलेली जिव्हाळ्याची पत्रे १९२० मध्ये छापली गेली; ती वाचनीय आहेत, पण ती छापण्याचा अधिकार कोणाचा होता हा प्रश्न वाचताना मनात येतोच. माझे उत्तर असे की जपणे आणि उघडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पत्रे आज जपावीत. त्यांतली खाजगी असतील ती पाकिटे मोहोरबंद करून तीस, पन्नास, हवी तर सत्तर वर्षे बंद ठेवावीत, आणि मुदत लेखकाने किंवा वारसांनी ठरवावी. मुदत संपली की पाकीट उघडता येते. जाळलेले पत्र कोणत्याही मुदतीनंतर उघडता येत नाही. खाजगीपणाच्या नावाखाली जे कागद नष्ट होतात, त्यांतले बहुतेक खाजगी नसतातच. ते जागा अडवत असतात म्हणून जातात.

शिवाय पत्राला दोन टोके असतात. चाइल्ड यांना आलेली पत्रे हार्वर्डच्या ग्रंथालयात राहिली. त्यांनी लिहिलेली पत्रे डेन्मार्कमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये राहिली. सिगुर्ड हुस्टवेट या अभ्यासकाने १९३० मध्ये चाइल्ड आणि ग्रुंटविग यांची पत्रे एकत्र छापली तेव्हाच प्रश्न आणि उत्तर शेजारी आले. त्याच वर्षी वॉकर यांना आलेली चाइल्ड यांची पत्रे ॲबर्डीनमध्ये छापली गेली. मॅकमाथ १९२२ मध्ये वारले. त्यांचा संग्रह त्यांच्याच मुलखातल्या चित्रकार हॉर्नेल यांच्या कर्कूब्री गावच्या घरी, ब्रॉटन हाउसमध्ये, पोचला. तीन देशांतल्या चार ठिकाणी कोणीतरी आपापले अर्धे टोक सांभाळले म्हणून हा संवाद आज ऐकू येतो. एका ठिकाणी जरी घर आवरताना कागद बाहेर टाकले गेले असते, तरी दुसरीकडचे अर्धे मुके झाले असते.

हा सगळा विषय आपल्यापासून दूरचा वाटत असेल, तर तो तितका दूर नाही. ज्या ग्योटिंगेनने चाइल्ड यांना १८५४ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली, त्याच विद्यापीठाने १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ती दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गेलेले फ्रान्झ कीलहॉर्न तेव्हा तिथेच प्राध्यापक होते. पाठभेद नोंदवून संहिता सिद्ध करण्याची ही एकच शिस्त होती, एका हाताने ती बॉस्टनजवळ नेली आणि दुसऱ्या हाताने पुण्यात रुजवली. आणि पत्र म्हणजे पुरावा हे तर मराठी वाचकाला शिकवायला नको. चाइल्ड यांचा शेवटचा भाग निघाला त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे बावीस खंड झाले. माळ्यावरच्या रुमालांतून निघालेल्या पत्रांनी आपला इतिहास उभा केला. पण ज्या समाजाने अठराव्या शतकातल्या वकिलाचे एकेक पत्र देव्हाऱ्यातल्या टाकासारखे जपले, तो समाज विसाव्या शतकातल्या आपल्या कोशकारांची, संपादकांची, लोकगीते जमवणाऱ्यांची पत्रे साधन मानायला अजून तयार नाही. पेशवाईच्या कागदाला किंमत आहे, कारण तो जुना आहे. आजचा कागद जुना व्हायचा असेल तर तो आधी उरला पाहिजे.

आता तर कागदही राहिला नाही. गेली पंचवीस वर्षे अभ्यासाचा पत्रव्यवहार ईमेलवर चालतो, आणि तो संस्थेने दिलेल्या खात्यात असतो. निवृत्तीनंतर काही महिन्यांत ते खाते बंद होते. कोणी दुष्टाव्याने करत नाही. संगणक विभागाचा तसा नियम असतो आणि खात्याकडे साठा म्हणून पाहिले जाते, संग्रह म्हणून नाही. निवृत्त होणाऱ्या अभ्यासकाला, खाते बंद करण्यापूर्वी, त्यातला अभ्यासाचा पत्रव्यवहार ग्रंथालयाकडे सोपवायचा आहे का एवढे विचारणे, होय म्हटल्यास तो उतरवून घेणे, खाजगी भागाला मुदत लावणे आणि पत्रलेखकांच्या नावांची सूची करणे, याला फार पैसा लागत नाही. हा नियम विद्यापीठाने स्वतःसाठी लिहून घ्यायला हवा, आणि संशोधनाला अनुदान देणाऱ्यांनी तो अटींत घालायला हवा.

आमच्या एक बाई होत्या. त्यांनी पंधरा-सोळा वर्षे जात्यावरच्या ओव्या जमवल्या. प्राथमिक शाळांतल्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, बचतगटातल्या बायका त्यांना ओव्या लिहून पाठवत. आधी आंतरदेशीय पत्रांवर, मग कोणाच्या तरी मुलाकडून ईमेल करवून. बाईंचे पुस्तक निघाले, त्यात शेवटी ‘अनेकांचे आभार’ असे एक पान आहे. निवृत्तीनंतर त्यांचे खाते बंद झाले आणि दोन वर्षांनी बाई गेल्या. मी संस्थेत जाऊन विचारले तेव्हा मला सौजन्याने सांगितले गेले की नियमाप्रमाणे सगळे काढून टाकलेले आहे. माझ्याकडे त्या पत्रव्यवहारातला एकच छापून घेतलेला कागद आहे, बाईंनी मला कधीतरी वाचायला दिलेला. भोर तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने त्यात विचारले आहे: आमची आजी ‘जात्या ईसवरा’ म्हणते, पुस्तकात ‘ईश्वरा’ असते, तर मी कसे लिहू? तिला बाईंनी काय उत्तर दिले, ते त्या खात्यात होते.